नोंद नेमकी ठेवा, प्रत बेतानं द्या

प्रश्न: कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आम्ही पंधरा-सोळा जण गेली नऊ वर्षं वन्यजीवांच्या नोंदी ठेवतो. धनेशाची घरटी, खवले मांजराची बिळं, घुबडं, साप, बेडूक, असं सगळं. दोन वर्षांपासून चार कॅमेरा ट्रॅपही (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावतो. हे सगळं एका एक्सेल फाइलमध्ये आहे. या महिन्यात ती फाइल चौघांनी मागितली: वन परिक्षेत्र अधिकारी, रस्ता रुंदीकरणाचा अहवाल करणारे पर्यावरण सल्लागार, पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी आणि खवले मांजरावर बातमी करणारा एक पत्रकार. गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, माहिती सगळ्यांची आहे, खुली करून टाका. दुसरा म्हणतो, कुणालाही काही देऊ नका. काय करावं?

उत्तर:

मी हे काम पंचवीस वर्षं करतोय, आणि माझे हात दोन्हीकडून पोळलेत. त्या दोन गोष्टी आधी सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल.

पहिली गोष्ट घुबडाची. एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत शृंगी घुबडाची जोडी होती, तीन पिल्लं होती. मी फोटो काढला आणि ओळखीच्या एकाला पाठवला. गावाचं नाव सांगितलं नाही, जपून वागल्याचं समाधान मानलं. पण मूळ फाइलच पाठवली होती आणि तिच्यात जीपीएसचा आकडा होता. तिसऱ्या दिवशी खाणीच्या काठावर चार गाड्या उभ्या होत्या. आठवड्याभरात कुणीतरी ‘स्वच्छ फ्रेम’ मिळावी म्हणून घरट्यापुढचं झुडूप छाटलं. आडोसा गेला, उन्हात पिल्लं उघडी पडली, कावळ्यांना दिसली. त्या खाणीत पुन्हा मला घुबड दिसलं नाही. त्यातल्या एकाही माणसाला घुबडाचं वाईट करायचं नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

त्यानंतर मी ताकही फुंकून प्यायला लागलो. दुसरी गोष्ट त्यातूनच घडली. एका पट्ट्यातल्या सगळ्या नाजूक नोंदी मी कुलूपबंद ठेवल्या. पाच-सहा वर्षांनी तिथं एक प्रकल्प आला. अहवाल करणाऱ्यांनी उपलब्ध नोंदी पाहिल्या आणि लिहिलं, परिसरात संकटग्रस्त प्रजातींची नोंद आढळत नाही. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. नोंद होती माझ्या कपाटात. मी ती घेऊन धावलो तेव्हा हरकतींची मुदत संपलेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण नकाशावर झाकली मूठ म्हणजे रिकामी जागा, आणि रिकामी जागा पहिल्यांदा जाते.

तेव्हा ‘द्यावी की नाही’ यावर गटात भांडणं व्यर्थ आहे. प्रत्येक नोंदीची एक मूळ प्रत असते आणि बाहेर जाणाऱ्या अनेक प्रती असतात. मूळ प्रत जितकी नेमकी ठेवता येईल तितकी ठेवायची. बाहेर जाणारी प्रत कुणाला, किती बारकाईनं आणि किती उशिरानं द्यायची, हे मात्र प्रत्येक वेळी ठरवायचं.

मूळ प्रत नेमकी का, यासाठी रानपिंगळा या छोट्या घुबडासारखं दुसरं उदाहरण नाही. ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञानं १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने होते, आणि खरा शेवटचा १८८४ चा. मध्ये रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला. लोक त्या बाजूला शोधत राहिले, पक्षी काही मिळेना. पुढे उघड झालं की तो नमुना या गृहस्थानं संग्रहालयातूनच चोरला होता, पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी ती लबाडी उकलली, मग जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं घेऊन त्या सहकाऱ्यांबरोबर हिंडल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! एका खोट्या ठिकाणानं शोध भरकटवला आणि एका खऱ्या ठिकाणानं पक्षी परत मिळवून दिला. म्हणून तुमच्या गटात कुणी ‘धोका नको, फाइलीतूनच आकडे पुसून टाकू’ म्हणत असेल तर त्याला थांबवा. पुसायचं ते बाहेर जाणाऱ्या प्रतीतून.

आता नाजूक नोंद कोणती? लोक इथं चटकन दुर्मीळ प्राण्यांची यादी पुढे करतात. ती यादी अर्धंच काम करते. मी प्रत्येक नोंदीला तीन-चार साधे प्रश्न विचारतो. हा जीव त्या जागी उद्याही असणार आहे का? त्याला पकडण्यात कुणाला पैसा दिसतो का? नुसती माणसांची वर्दळ वाढली तरी त्याचं बिनसेल का? आणि ती जागा कुणाच्या मालकीची आहे? शिकाऱ्याला ही जागा आधीच ठाऊक आहे का, हाही एक प्रश्न. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेला पाणवठा लपवून काही साधत नाही.

अमूर ससाणा घ्या. २०१३ पासून नागालँड-मणिपूरमध्ये त्यांना सॅटेलाइट टॅग लावले, आणि ते कुठून कुठे उडाले हे नकाशांवर लोकांनी जवळजवळ रोज पाहिलं. महाराष्ट्रावरून अरबी समुद्रात शिरताना इथल्या लोकांनीही कौतुकानं पाहिलं. काही बिघडलं नाही, कारण ससाणा तिथं थांबतच नाही. याउलट खवले मांजराचं बीळ. प्राणी संथ, धोका दिसला की गोळा होऊन बसणारा, खवल्यांना काळ्या बाजारात भाव, आणि खोदायला एक कुदळ पुरते. तिथं ‘अमुक देवराईच्या वरच्या अंगाला’ एवढं वाक्यसुद्धा जास्त होतं. मांडुळाचंही तसंच. साप दुर्मीळ नाही, पण त्याच्याभोवती गुप्तधनाच्या भाकडकथा आणि लाखोंच्या अफवा आहेत.

नव्या प्रजातींच्या बाबतीत तर हे जगभर घडलेलं आहे. चीनमधली गोनिउरोसॉरस लुई ही पाल १९९९ मध्ये शास्त्रीय लेखातून जगापुढे आली, आणि ज्या जागेवरून तिचं वर्णन झालं तिथूनच ती संग्राहकांनी साफ केली. पाळीव प्राण्यांच्या बाजाराला शोधनिबंध म्हणजे आयता पत्ता. २०१७ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात उघड लिहिलं की काही प्रजातींची ठिकाणं छापूच नयेत. त्यावर इतरांनी प्रत्युत्तर दिलं की छापा, पण जबाबदारीनं. त्या वादातला एक मुद्दा कोकणाला फार लागू आहे: ठिकाण छापल्यामुळे हौशी लोक खासगी शेतांत घुसले, आणि ज्या शेतकऱ्यांच्या मदतीनं अभ्यास चालला होता तेच दुरावले. तुमच्याकडे बहुतेक रान खासगी मालकीचं. धनेशाच्या ढोलीचं झाड कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. ‘दुर्मीळ पक्षी सापडला म्हणजे सरकार जमीन घेणार’ ही भीती तुम्ही आम्ही कितीही खोडली तरी त्या मालकाच्या मनात आहेच. ती उगाच नाही. सोलापूर-नगरकडचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचं जाहीर झालं होतं. त्यात शेतं आली, गावं आली. पुढे ते १,२२२ वर आणावं लागलं, पण तोवर त्या भागात ‘माळढोक’ हा शब्द खरेदी-विक्री अडवणाऱ्या कटकटीचं नाव झाला होता. जमीनमालकाला अंधारात ठेवून त्याच्या झाडाचं ठिकाण कुठंही चढवलंत, तर पुढच्या वर्षी ते झाड उभं असेलच याची खात्री मी देणार नाही.

आणि उलट बाजूही तितकीच खरी. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या कुंडातला मासा २०२० मध्ये शिस्तुरा हिरण्यकेशी म्हणून जाहीर झाला. ठिकाण लपवलं नाही. लपवणार तरी कसं, नावातच आहे! मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारनं तिथला २.११ हेक्टरचा भाग जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केला. तिथं देऊळ आहे, वर्दळ आहे, गावाचं लक्ष आहे. अशा जागी जाहीर होणं हेच संरक्षण ठरलं. गुहागरची कासवीण आठवा. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला वल्ह्यावर बसवलेला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला घेऊन ती जानेवारी २०२५ मध्ये तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यात अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्याची ऑलिव्ह रिडले पश्चिम किनाऱ्यालाही अंडी घालते हे त्यामुळे कळलं. बिल्ल्याचा आकडा एकानं नोंदवला, दुसऱ्यानं वाचून कळवला, एवढंच घडलं. ‘कुणालाच देऊ नका’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता बाहेरच्या प्रतीत ठिकाण धूसर करायचं म्हणजे नक्की काय करायचं? अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हानंतरचा प्रत्येक आकडा किती जमीन दाखवतो हे गटातल्या प्रत्येकाला पाठ हवं. एक आकडा ठेवला तर साधारण ११ किलोमीटर, दोन ठेवले तर १.१ किलोमीटर, तीन म्हणजे ११० मीटर, चार म्हणजे ११ मीटर. मोबाइल पाच-सहा आकडे देतो, म्हणजे बिळाच्या तोंडाशी नेऊन उभं करतो. खवले मांजराचं बीळ असेल तर मी बाहेरच्या प्रतीत एकच आकडा ठेवतो, कधी तोही नाही, फक्त जिल्हा. धनेशाच्या घरट्याला विणीच्या काळात एक, एरवी दोन. सामान्य बेडकाला पूर्ण आकडा खुशाल द्या.

काही जण आकडे कमी करण्याऐवजी बिंदू थोडा इकडे-तिकडे सरकवतात. यात एक मेख आहे. एकाच घरट्याच्या चाळीस भेटी असतील आणि प्रत्येक वेळी बिंदू खऱ्या जागेभोवती वेगवेगळ्या दिशेला ढकलला असेल, तर चाळिसांची सरासरी काढली की घरटं पुन्हा सापडतं. नववीतल्या मुलाला जमेल. म्हणून सरळ आकडे छाटा, म्हणजे चाळीसही नोंदी एकाच चौकटीत पडतात. आणि आकडे छाटले पण शेजारच्या रकान्यात ‘उंची ७१२ मीटर, वाडीच्या मागचा कडा, पायवाटेपासून ५० पावलं’ असं लिहिलं असेल तर छाटण्याचा उपयोग शून्य. मी तपासलेल्या फायलींपैकी निम्म्यांत माहिती ‘शेरा’ या रकान्यातूनच गळत होती.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या बऱ्याच प्रजातींचं ठिकाण आपोआप झाकलं जातं, ०.२ अंशांच्या चौकटीत, म्हणजे आपल्याकडे साधारण २२ बाय २१ किलोमीटरमध्ये, कुठंतरी एक टिंब पडतं. तारीखही महिन्यापुरतीच दिसते. पक्षीनोंदींचं ई-बर्ड हे संकेतस्थळ संवेदनशील ठरवलेल्या पक्ष्यांच्या नोंदी २० किलोमीटरच्या चौकटीतच दाखवतं. ही सोय चांगली आहे, पण तिच्या जिवावर झोपू नका. त्याच दिवशी, त्याच पायवाटेवर, दहा मिनिटांच्या अंतरानं तुम्ही एक फुलपाखरू आणि एक कोळी पूर्ण ठिकाणासह चढवला असेल, तर मधल्या झाकलेल्या नोंदीची जागा कुणीही ओळखेल. शिवाय जागतिक यादीत नसलेला एखादा जीव तुमच्या तालुक्यात मात्र धोक्यात असू शकतो. तिथं ठिकाण झाकण्याचं बटण हातानं दाबावं लागतं.

आणि धूसर केल्यावर ‘धूसर केलं आहे’ असं लिहायचं. माझ्या दुसऱ्या गोष्टीतली चूक हीच होती. जैवविविधतेच्या नोंदींचा जो आंतरराष्ट्रीय साचा आहे, त्या डार्विन कोअरमध्ये यासाठी दोन स्वतंत्र रकाने आहेत: एकात काय ढोबळ केलं ते, दुसऱ्यात काय राखून ठेवलं ते. तुमच्या एक्सेलमध्ये मराठीत दोन रकाने घाला. ‘ठिकाण ११ किमीपर्यंत ढोबळ केलेलं, नेमकं ठिकाण गटाकडे, कारण सांगून मागता येईल.’ एवढं एक वाक्य असतं तर त्या अहवालवाल्याला ‘नोंद आढळत नाही’ लिहिता आलं नसतं.

फोनबद्दल दोन शब्द, कारण माझ्या अनुभवात गळती सर्व्हरमधून क्वचित होते आणि फोनमधून रोज. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातलं जीपीएस निघून जातं; तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. कॅमेऱ्याची मूळ फाइल, ईमेल, ड्राइव्ह, सगळीकडे तेच. शिवाय फोटोत मागे दिसणारा सुळका, मंदिराचा कळस, टॉवर हेही पत्तेच असतात. तुमची एक्सेल फाइल ड्राइव्हवर असेल, आणि ‘लिंक असलेला कुणीही पाहू शकतो’ असं सेटिंग असेल, तर तुमच्या दोन तटांचं भांडण निरर्थक आहे. फाइल आधीच खुली आहे. गट सोडून गेलेल्या तिघांकडे अजून प्रवेश आहे का, तेही पाहा.

शिकारी इतके हुशार नसतात असं कुणी म्हणेल. २०१३ मध्ये पन्ना-२११ या वाघाच्या कॉलरची (ठिकाण कळवणाऱ्या गळपट्ट्याची) माहिती ज्या ईमेलवर येत होती, त्यात शिरायचा कुणीतरी प्रयत्न केला. शास्त्रज्ञ डेहराडूनला, वाघ मध्य प्रदेशात, आणि प्रयत्न झाला पुण्यातून. माहिती सांकेतिक रूपात होती, शिवाय शिरकावही अडला. मागे शिकारीच होता असं मी म्हणत नाही. पण धडा साधा आहे: ताजं ठिकाण आणि जुनं ठिकाण वेगळं ठेवायचं. सहा महिन्यांपूर्वी वाघ कुठं होता हे संशोधनाला पुरतं. आत्ता कुठं आहे ते शिकाऱ्यालाच हवं असतं. आणि सफारीच्या जिप्सीवाल्याला.

उशीर मात्र सगळीकडे चालत नाही. तमिळनाडूत वालपारईच्या चहामळ्यांत हत्ती कुठं आहेत हे आसपासच्या लोकांना त्याच संध्याकाळी एसएमएसनं कळवतात, मोबाइलवरून चालू होणारे लाल दिवे लावलेत. तिथं माहिती चार तास अडवली तर माणूस मरतो. तुमच्या खाली दोडामार्गकडे हत्ती आहेत, तिथंही हाच हिशेब लागेल. ज्याच्या वाटेवर जनावर उभं आहे त्याला लगेच आणि नेमकं सांगायचं, बाकी जगाला उशिरानं आणि ढोबळ. बिबट्याचा फोटो मात्र गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकताना दहादा विचार करा. फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत ‘पिंजरा लावा’ सुरू होतं, आणि त्या बिबट्यानं दहा वर्षांत कोंबडीपलीकडे काही नेलेलं नसतं.

कॅमेरा ट्रॅपचा विषय निघालाच आहे तर विचारतो: चारपैकी वनजमिनीवर किती आहेत, आणि परवानगी आहे का? नसेल तर ती आधी घ्या, मग माहिती वाटण्याच्या गोष्टी. दुसरं, त्यांत माणसं येत असणार. सरपणाला जाणाऱ्या बायका, करवंदं काढणारी पोरं, दारू पिऊन परतणारा एखादा. २०२४ मध्ये कॉर्बेटच्या परिसरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगलातल्या कॅमेऱ्यांमुळे बायका तिथं मोकळेपणानं वावरेनाशा झाल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या, असं त्यात दिसलं. आणि गाणी तर जनावराला चाहूल देण्यासाठी असतात. एका बाईचं खासगी छायाचित्र गावात फिरल्याचंही त्यात आहे. माझा नियम साधा आहे. कार्ड उतरवलं की माणसांचे फोटो त्याच दिवशी वेगळे काढून पुसायचे, ते कुणालाही दाखवायचे नाहीत, गटातसुद्धा नाही. कॅमेरा लावण्याआधी वाडीत सांगायचं. कुणी म्हणालं ‘आमच्या पाणंदीवर नको’, तर तिथं नको.

आता तुमचे चौघे.

वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या, पण फाइल नका देऊ; त्यांना लागणारं द्या. बहुधा त्यांना बिळं आणि घरटी गस्तीसाठी हवी असतात. मग त्यांच्या बीटनुसार (वनरक्षकाच्या गस्तीच्या हद्दीनुसार) नकाशा करा, समोर बसून दाखवा. सरकारी कार्यालयात दिलेला कागद कार्यालयाचा होतो आणि माहिती अधिकारात मागितला जाऊ शकतो. म्हणून देताना पत्रात स्पष्ट लिहा की ही माहिती गोपनीय म्हणून दिली आहे. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे त्रयस्थानं गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करण्याआधी त्याला नोटीस द्यावी लागते आणि म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात. नकार मिळेलच असं नाही, पण कळेल तरी. साहेब बदलून जातात, पत्र फाइलीत राहतं.

सल्लागारांना तर जरूर द्या. गटातल्या अर्ध्या लोकांना ते शत्रू वाटतील, पण रस्ता कुठं पुलावर उचलायचा हे त्यांच्या कागदावर ठरतं. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी नऊ बांधकामं झाली, त्यातलं सर्वांत मोठं ७५० मीटरचं. प्राणी कुठं रस्ता ओलांडतात हे कुणाकडे नोंदलेलं नसतं तर ती कुठं बांधायची ते ठरलं नसतं. तुम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा ठरवा, त्यातल्या नोंदी १०० मीटरपर्यंतच्या नेमकेपणानं द्या, बिळं-घरटी वगळून. ती जागेवर एकत्र जाऊन दाखवा. एक पानी करार करा: कशासाठी, किती दिवसांसाठी, पुढे कुणाला द्यायची नाही, अहवालात गटाचं नाव, आणि अहवालाची प्रत सादर होण्याआधी तुम्हाला. त्यात एक वाक्य ठळक घाला: आमच्या नोंदी नसणं म्हणजे प्राणी नसणं नव्हे. तुम्ही शनिवार-रविवारी, डांबरी रस्त्याजवळ, पाऊस नसताना हिंडता. सगळेच हौशी गट तसेच हिंडतात. तुमच्या फाइलीत जुलैच्या किती नोंदी आहेत ते मोजा. तो डोंगर चार महिने तुमच्यासाठी कोराच असतो, त्याच्यासाठी नाही. सल्लागार करारावर सही करायला तयार नसतील, तर तेही लेखी घ्या आणि पूर्ण माहिती जनसुनावणीत स्वतः मांडा.

विद्यार्थिनीला मी सर्वांत मोकळ्या हातानं दिलं असतं, कारण नऊ वर्षांच्या नोंदींचं काहीतरी करण्याचं कसब तिच्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही. (राग मानू नका, माझ्याकडेही नव्हतं.) नेमकी ठिकाणं विश्लेषणासाठी द्या, प्रबंधात आणि निबंधात ढोबळ छापायची अट घाला, नवी प्रजाती निघाली तर नेमकं ठिकाण संग्रहालयातल्या नमुन्याबरोबर राहील, छापील मजकुरात नाही. निष्कर्ष तिनं तालुक्यात येऊन मराठीत सांगायचे, हेही लिहून घ्या. आमच्याकडून माहिती घेऊन गेलेले सात जण मला आठवतात, परत येऊन सांगणारे दोन.

पत्रकाराला बिळं सोडून सगळं सांगा. खवले मांजर काय खातं, कसं जगतं, पकडलं तर काय शिक्षा, तुमच्या गटानं काय पाहिलं. ठिकाण ‘रत्नागिरी जिल्हा’ यापुढे जाणार नाही हे बोलण्याच्या आधी ठरवा, नंतर नाही. फोटो तुम्हीच निवडून द्या, पार्श्वभूमी पाहून. खवल्यांची किंमत बातमीत येऊ देऊ नका. ‘लाखोंचा भाव’ या मथळ्यानं जितके नवे शिकारी तयार होतात तितके दारिद्र्यानंही होत नसतील, असं माझं मत आहे.

माहिती वापरण्याच्या परवान्यांबद्दल गटात चर्चा होईलच. खुल्या माहितीला क्रिएटिव्ह कॉमन्सचा (इतरांना अटींसह वापराची मुभा देणारा) परवाना लावा, नाव देण्याची अट असलेला मला पुरेसा वाटतो. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट ऐकायला बरी वाटते, पण तिच्यामुळे पैसे घेऊन काम करणारा प्रामाणिक सल्लागारही अडतो. परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, म्हणून जे कधीच खुलं करायचं नाही त्याला परवाना लावूच नका. चोर परवाना वाचत नाही.

एक बाजू तुम्ही प्रश्नात लिहिली नाही. या नोंदींतलं किती तुम्ही स्वतः शोधलंत? धनेशाची ढोली कुणी दाखवली? खवल्या मांजराचं बीळ ओळखायला कुणी शिकवलं? बहुतेक वेळा एखादा कातकरी, एखादा धनगर, एखादी गुराखी आजी. लोक जैवविविधता नोंदवहीत तालुक्याची माहिती घातली जाते तेव्हाही हाच प्रश्न येतो, आणि तिथं निदान कायद्यानं गावाची समिती असते. तुमच्या फाइलीत ‘माहिती देणारा’ हा रकाना नसेल तर आजच घाला, पण तो बाहेरच्या प्रतीत जाणार नाही याची काळजी घ्या. बीळ खोदलं गेलं की चौकशी पहिल्यांदा त्याच माणसाच्या दारात जाते. चौघांपैकी कुणालाही काही देण्याआधी अशा माणसांकडे जा, कुणाला काय देणार ते सांगा. त्यांच्यातला एखादा म्हणेल, ती जागा नका देऊ, तिथं आमचा देव आहे. मग ती ओळ गाळून द्या.

कामाचा क्रम विचाराल तर आज संध्याकाळी ड्राइव्हची लिंक बंद करा. मूळ फाइलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी, पासवर्ड दोघांकडे. येत्या रविवारी सगळे बसून बिळं, घरटी आणि ढोल्या यांच्या ओळी रंगवा. साडेतीनशे-चारशेच्या वर भरणार नाहीत, बाकी हजारो ओळींबद्दल तुमचं भांडणच नव्हतं. सल्लागारांची मुदत सर्वांत आधी संपत असेल, म्हणून पहिलं पत्र त्यांना लिहा. कराराचा माझा मसुदा मराठीत आहे, एका पानाचा. हवा असेल तर पाठवतो, त्यातली नावं-गावं तेवढी बदलून घ्या.